एकशे बारा होकार

"न वाचतां सही करूं नको, न पटतां होय म्हणूं नको." सीतालक्ष्मीबाईंचे अप्पा दस्तलेखक होते. दुसऱ्यांचे होकार लिहिण्यात त्यांचा जन्म गेला, म्हणून लेकीकडून हे वचन त्यांनी तिच्या नवव्या वर्षीच घेऊन ठेवलं. होकार ही गंभीर वस्तू आहे. पूर्वी तो द्यायचा तर मुहूर्त लागे, चार वडीलधारे लागत. आता अंगठा पुरतो. प्रगती म्हणतात ती हीच.

दक्षिणेत, कावेरीकाठच्या मेलकावेरीत राहणाऱ्या बाईंची सोमवार, शनिवार आणि दोन्ही एकादश्या ही व्रतं चाळीस वर्षं बिनबोभाट चालली होती. अप्पांचं वचन हे पाचवं. ते अडचणीत आलं नातीमुळे. लेक श्रीविद्या परदेशी. तिला मुलगी झाली. बारशाला तीन आठवडे होते आणि बाळाच्या कानात नाव आजीनंच सांगायचं ठरलं होतं, फोनातल्या ॲपवरून. ॲप आलं. आल्या आल्या त्यानं बाईंच्या तोंडी एक वाक्य घातलं : 'मी सर्व अटी वाचल्या असून त्या मला मान्य आहेत.'

"अम्मा, खाली हिरवं बटण आहे, ते दाब," श्रीविद्या म्हणाली.

"वाचलं नाही अजून."

"कोणी वाचत नाही ग ते."

"मग 'वाचलं' असं म्हणतं कोण?"

श्रीविद्यानं विषय बदलला.

अटी एक्केचाळीस पानं होत्या. बाईंनी रोज स्नान करून, दिवा लावून, पारायणाला बसावं तशा बसून चार सकाळींत त्या संपवल्या. (शेजारणीच्या अंदाजानं, हे पारायण पुरं करणाऱ्या त्या जगात तिसऱ्या. पहिले दोघे ते लिहिणारे; पण त्यांच्याबद्दलही तिला खात्री नाही.)

तुम्ही कुठं जाता, कधी निजता, कुणाशी किती बोलता हे कंपनी टिपून ठेवणार आणि आपल्या विश्वासू भागीदारांना सांगणार, असं त्यात होतं. बाईंना नवल वाटलं नाही. हीच सेवा त्यांची धाकटी जाऊ भवानी मागच्या गल्लीत राहून वर्षानुवर्षं देत आली होती, तीही एका पानाशिवाय. अकरा वर्षांपूर्वी निर्जळी एकादशीला चक्कर आली म्हणून बाईंनी अर्धा पेला काफी घेतली आणि हे एकट्या भवानीला सांगितलं. दिवेलागणीपर्यंत ते सोळा घरी पोचलं. (सतराव्या घराला कुलूप होतं.) तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. कंपनी निदान आधी सांगते, एवढं तिच्या बाजूनं म्हणायलाच हवं.

घोडं अडलं सव्विसाव्या पानावर : 'तुमच्या फोनातले सर्व नंबर आम्ही घेऊ. ते देण्यास त्या त्या व्यक्तींची परवानगी तुम्ही घेतली आहे, असे तुम्ही कबूल करता.'

नंबर एकशे बारा होते. परवानगी एकाचीही घेतली नव्हती. तेव्हा घ्यायची, दुसरं काय? बाईंनी कुंकवाचा करंडा पिशवीत टाकला आणि लग्नाची अक्षत द्यायला निघावं तशा निघाल्या.

तिरुप्पनंदाळला नवऱ्याचा भाचा गिरीश असतो, बँकेत. तो म्हणाला, "मामी, सगळं जग न वाचताच दाबतंय."

"म्हणजे सगळं जग खोटं बोलतंय?"

गिरीश काफीच्या पेल्यात डोकावून पाहू लागला.

नाचियार्कोविलला पितळेच्या समया ओतणारे स्वामीनाथ हसले. "अम्मा, माझा नंबर बसच्या मागच्या काचेवर रंगवलाय. घ्या की." मग थांबून त्यांनी विचारलं, "नाही म्हटलेलं चालतं?"

"चालतं."

"मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं," असं म्हणून त्यांनी विचार करायला दोन दिवस मागून घेतले, आणि ते दोन दिवस गावभर मोठ्या रुबाबात हिंडले.

यादीतले तिघं देवाघरी गेलेले. त्यांना बाईंनी तसबिरीपुढं हात जोडून विचारलं. तिघंही गप्प राहिले. (मौन म्हणजे संमती, हे अठराव्या पानावर कंपनीनंही मानलेलं आहे.)

बारशाच्या दिवशी सकाळी होकार झाले एकशे अकरा. उरला एक. गिरीशनं फोनवर तोड काढून दिली, "भवानीमामींचा नंबर पुसून टाका. नंबरच नाही तर परवानगी कशाची?"

"पुसायचाच असता," बाई म्हणाल्या, "तर अकरा वर्षांपूर्वीच पुसला असता रे."

वाचकांनी यातलं काही मनाला लावून घेऊ नये. तुमचाही नंबर अशाच शंभर-दोनशे फोनांत आहे, आणि त्या प्रत्येकानं तुमची रीतसर परवानगी घेतल्याचं कबूल केलेलं आहे. दारात कोण कोण आलं होतं, तेवढं आठवून बघा. त्यांना नावं ठेवण्याआधी, आपण कुणाच्या दारी गेलो होतो, तेही.

बाईंनी थर्मासमध्ये दोन पेले काफी भरली, करंडा घेतला, दार हलकेच ओढलं आणि त्या मागच्या गल्लीकडे चालू लागल्या.