हरिओमनं मान हलवली

सुपारी फोडायला पाहुणे दहा वाजता येणार होते, आणि सकाळी सहाला मुलीचा बाप ओसरीत बसून बुटाच्या नाड्या बांधत होता.

"आवो, आज तरी नगा जाऊ पळायला," सत्यभामा हातातला झाडू तसाच धरून म्हणाली.

"आज एकविसावा दिवस हाय. खाडा पडला तर मोबाइल पुन्हा एकपासून मोजतो."

"मंग मोबाइलला सांगा, घरी सोयरे येणार हायत म्हनून."

हरिओम धारूरच्या एका कॉलेजात कारकून होता. वय सेहेचाळीस, वजन चौऱ्याण्णव. डॉक्टरांनी त्याला रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं. पण फुकटात होणारं काम हरिओमला कधी पटलंच नाही. त्यानं बूट घेतले, मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ घेतलं आणि कानात घालायच्या दोन बिनवायरच्या बोंड्या घेतल्या. गाणी ऐकत पळालं की वेग पंधरा टक्क्यांनी वाढतो, असं त्यानं मोबाइलवरच पाहिलं होतं. हरिओमचा मूळ वेग लक्षात घेता ही वाढ कुणाच्या नजरेत भरण्याची शक्यता नव्हती, पण ते असो.

फाट्यावर गॅरेज चालवणाऱ्या इलियासनं त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. दोघं पहिलीपासूनचे दोस्त.

"कान रस्त्याला द्यायचे असतेत बे. मागून ट्रॅक्टर आला तर काय ऐकनार? गानं?"

"ट्रॅक्टर मागून येतो, मी पुढं पळतो," हरिओम म्हणाला होता. "शास्त्र हाय त्यामागं. तुला न्हाई कळायचं."

"शास्त्र मागं नसतंय, ट्रॅक्टर असतोय," इलियास म्हणाला होता, आणि विषय तिथंच संपला होता.

आज बाहेर पडताना आतल्या खोलीतून आप्पांनी हाक मारली. आप्पा म्हणजे हरिओमचे वडील, अर्जुनराव. वय ब्याऐंशी. छातीत कफ साठला म्हणून आठ दिवस दवाखान्यात राहून परवाच घरी आले होते.

"हरिओम, आज सुपारी फोडतानाच तारीख धरून घे. लवकरची."

"आप्पा, पुढच्या मे महिन्यातच करायचं. बीडमधी एसी हॉल, डीजे, वरून ड्रोननं शूटिंग. एकुलती एक पोरगी हाय माझी."

"आन् मी बी एकुलता एक बाप हाय तुझा. दोन वर्षं झाली, ह्योच मे महिना चालू हाय. उज्ज्वलाच्या डोक्यावर अक्षता टाकायच्यात मला. ड्रोनमधी बसून टाकू का?"

हरिओमला हे ऐकू आलं नाही. बोंड्या कानात गेल्या होत्या.

आता या भागाची एक रीत सांगायला हवी. इथं माणूस विनाकारण पळत नाही. पोलीस भरतीची पोरं पळतात, पण ती विशीतली. चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला गृहस्थ डांबरीवरून धापा टाकत पळतोय, याचा अर्थ एक तर बैल सुटलाय, नाहीतर साप निघालाय, नाहीतर घरातलं कुणीतरी गेलंय. हरिओमच्या घरी बैल नव्हता. साप असता तर हातात काठी असती. हातात काठी नव्हती. अंगात पांढरी बनियन होती आणि गळ्यात पंचा. शिवाय घरात दवाखान्यातून आणलेला म्हातारा होता. हरिओम रोज पळायचा तो घाटाकडं, जिकडं माकडांशिवाय कुणी नसायचं. आज दहा किलोमीटरचा बेत होता म्हणून तो मळ्यांच्या वाटेनं निघाला.

वाटेत दुधाचा कॅन डोक्यावर घेऊन गीताबाई येत होती. भावकीतलीच, पण जरा लांबची. हरिओमला असा येताना पाहून ती वाटेतच थांबली.

"हरिओमभाऊ, कावून पळताव? आप्पा बरे हायत न्हवं?"

हरिओमला तिचे ओठ हललेले दिसले. आपलं कौतुकच चाललंय, असं त्यानं धरलं. कौतुकाच्या बाबतीत त्याचा अंदाज नेहमी असाच असे. कानात ढोलकी सुरू झाली होती. ठेक्यावर त्याची मान आडवी हलली.

"आप्पा गेले?"

मान हलली. या वेळी वरखाली. ठेका चांगला होता, म्हणून दोनदा हलली.

"आगं बया! खरंच गेले का वो?"

अजून एक मोठी चक्कर बाकी आहे, हे सांगायला हरिओमनं धावता धावता एक बोट वर केलं. ते नेमकं आभाळाकडं गेलं. मग डोळ्यांत उतरलेला घाम त्यानं पंच्यानं पुसला आणि तो पुढं गेला.

गीताबाईला आणखी काही विचारायचं उरलं नाही. तिनं कॅन बांधावर ठेवला आणि ती गावाकडं वळली.

पुढचे दोन तास हरिओम आनंदात पळत होता. म्हणजे तो त्याला पळणं म्हणत होता. मनगटावरचं घड्याळ सारखं थरथरत होतं, ते आपल्याला शाबासकी देतंय असा त्याचा समज झाला. घड्याळ फोन आल्याचं सांगत होतं. गाण्यात व्यत्यय नको म्हणून त्यानं फोनचा आवाज बंद केला होता. एकतीस फोन येऊन गेले आणि एकतिसाव्यांदा तो स्वतःवर खूश झाला.

साडेआठच्या सुमारास मागून इलियास मोटारसायकल घेऊन आला. त्यानं हॉर्न वाजवला, हाका मारल्या, शेवटी बाजूला येऊन हात हलवला. हरिओमनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. इलियासला आपला वेग पटला, तो मापायला गाडी घेऊन आलाय, हे लक्षात येताच त्याच्या अंगात बळ आलं. त्यानं दात ओठ खाऊन जोर लावला. तो अर्धा किलोमीटर हरिओमच्या उभ्या आयुष्यातला सर्वांत वेगवान ठरला. घड्याळात त्याची नोंद आहे. अखेर इलियासनं गाडी आडवी घातली आणि त्याच्या उजव्या कानातली बोंडी उपटून काढली.

"कान असून बहिरा झालास का बे? आप्पा गेले!"

हरिओम मटकन रस्त्यावर बसला. एका कानात आप्पा गेले होते आणि दुसऱ्या कानात कुणीतरी नाचायला बोलावत होतं. दुसरी बोंडी काढायचंही त्याला सुचेना. ती इलियासनंच काढली.

"कधी गेले?"

"सकाळीच म्हनं. सगळ्या गावाला ठाव हाय, तुलाच न्हाई. चल, बस मागं."

गाडीवर मागं बसून हरिओम रडला. अगदी मनापासून रडला. म्हातारा दोन वर्षं एकच गोष्ट मागत होता, आणि आपण त्याला हॉलच्या, ड्रोनच्या गोष्टी सांगत राहिलो, हे त्याला आता टोचायला लागलं. आता वर्षभर घरात लग्नकार्य नाही, तोवर पाहुणे थांबतील कशाला? सोयरीक गेली, पोरीचं लग्न गेलं आणि बापही गेला. इलियासचा शर्ट पाठीवर ओला झाला. निम्मा घामानं, निम्मा आसवांनी.

घरासमोर दोनशे माणूस होतं. तिरडीचे बांबू भिंतीला टेकवून ठेवले होते, हार आले होते, भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन तयार होतं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून भावकीतल्या घरांनी पिठल्याची पातेली आणि भाकरीच्या चळती आणल्या होत्या. दार बंद होतं. दारात सत्यभामा तोंडावर पदर घट्ट दाबून उभी होती.

"तुमी आल्याबिगर कुनालाच आत सोडलं न्हाई," ती कशीबशी म्हणाली. तिचे खांदे हलत होते. "आप्पा!" असा टाहो फोडून हरिओमनं दार ढकललं.

आप्पा खाटेवर बसून बशीतून चहा पीत होते. अंगावर इस्त्रीचं धोतर, डोक्यावर गुलाबी फेटा.

"आलास का? आज किती झालं?"

हरिओम दारातच खिळला. मागून गर्दी आत डोकावली. मग कुणीतरी, कापसाचं काम टाकून आल्यामुळं असेल, जरा नाराजीनंच विचारलं, "मंग गेलं कोन?"

"ह्यांनीच सांगितलं की!" गीताबाई पुढं आली. "मी इचारलं आप्पा गेले का, ह्यांनी मान हलवली. दोनदा. बोट वर केलं. डोळे पुसले. अजून काय लिहून द्यायचं असतंय का?"

दोनशे माणसांनी हरिओमकडं पाहिलं.

"ती... ठेक्यावर हलली," हरिओम म्हणाला.

"कशावर?"

"गान्यावर."

"म्हंजी बाप मेला का म्हनून इचारलं," इलियासनं सगळ्यांना समजेल असं सांगितलं, "तवा ह्यो नाचत होता."

एवढ्यात हरिओमला खरी धास्ती आठवली. नवऱ्या मुलाचे वडील, चकलांब्याचे सटवाजी, तापट म्हणून तीन तालुक्यांत नाव कमावलेला माणूस. "पाव्हण्यांना तर न्हाई ना कळवलं कुनी?"

"सातलाच फोन गेला," सत्यभामा म्हणाली.

"काय सांगितलं त्यांना?"

"तुमी जे सांगितलं तेच."

हरिओमनं सटवाजींना फोन लावला. फोन बंद. पुन्हा लावला. बंद. झाली चेष्टा कळल्यावर तो माणूस सोयरीक मोडणार, नुसती मोडणार नाही, वर चारचौघांत पाणउतारा करणार, हे दिसत असताना हरिओम अंगणात येरझाऱ्या घालू लागला. त्या मात्र बऱ्यापैकी वेगात होत्या.

साडेदहाला दोन टेम्पो आणि एक जीप आली. सुपारीला सहा माणसं येणार होती. पण सुपारी चुकवली तर चालते, माती चुकवून चालत नाही. त्यामुळं आख्खी भावकी आली होती. वाटेत मांजरसुंब्याला चहासुद्धा न घेता आली होती. टेम्पोतून उतरता उतरता बायकांनी गळा काढला. पहिली बाई दारापर्यंत पोचली, तिनं गुलाबी फेटा पाहिला, आणि तिचा सूर मध्येच तुटला. एकेक करत सगळ्यांचेच तुटले.

सटवाजींनी टोपी डोक्यावर नीट बसवली. "ही काय थट्टा लावली का आमची?"

हरिओमनं हात जोडले. मान हलवायची तर त्याची हिंमतच नव्हती. त्यानं ती दोन्ही हातांनी धरल्यासारखी ताठ ठेवली.

"थट्टा न्हाई, सटवाजी," आप्पा काठी टेकत ओसरीत आले. "पोरानं चुकून मारलं मला. पण खरंच गेलो असतो तर तुमच्या पोराला वरीसभर थांबावं लागलं असतं. आज तुमची भावकी हितं हाय, आमची हाय. सुपारीला बोलावल्याला भटजी हाय. नुसती सुपारी कावून फोडायची? अक्षताच टाका की."

"आप्पा, हॉल... मे महिना..." हरिओम पुटपुटला.

"मे महिन्यात मी असंन का, ते सांग. मान हलवून सांग."

कुणी तरी हसलं. सटवाजी हसले नाहीत. ते बराच वेळ बांबूंकडं, पातेल्यांकडं, गर्दीकडं पाहत राहिले. मग त्यांनी मुलाकडं पाहिलं. अभिमन्यू मातीला आला असला तरी कपडे सुपारीचेच घालून आला होता. "तुझं काय म्हननं हाय?" असं विचारल्यावर तो लाजून "चालंल की" म्हणाला. उज्ज्वला शिकलेली, तालुक्याच्या दवाखान्यात परिचारिका. भटजींनी तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "माझं काय, मी सकाळधरनं नटूनच बसलेय."

तिरडीच्या बांबूंना सतरंज्या बांधून मांडव झाला. प्रेतासाठी आणलेले हार नवरा-नवरीला घालायला बायकांनी साफ नकार दिला. तेव्हा "माझ्यासाठी आनलेत, मीच घालनार" म्हणत आप्पांनी ते सगळे स्वतःच्या गळ्यात घालून घेतले. भजनी मंडळानं टाळ कुटले. बारा पस्तीसला आप्पांनी नातीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि इतका वेळ टणक राहिलेल्या त्या म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. पावणेतीनशे माणसं पिठलं-भाकरी जेवली. सटवाजींनी दोनदा पिठलं मागून घेतलं.

चारला टेम्पो परत गेले. पोरगी सासरी गेली. अंगण मोकळं झालं, तसा हरिओम आप्पांच्या पायाशी येऊन बसला.

"आप्पा, चुकलो मी. माझ्या मानेपायी जिवंतपणी मारलं तुमाला."

आप्पा काही बोलायच्या आत गीताबाई आली. तिनं दारातूनच विचारलं, "आप्पा, आता तरी बोलू का मी? सकाळी सातपासून तोंड दाबून बसले. पोटात कळा यायला लागल्या."

"तू कावून तोंड दाबलंस?" हरिओमनं विचारलं.

"आवो भाऊ, मी आधी गावात कुठं गेलते! पयल्यांदा हितंच आले. बघते तर आप्पा दात घासत बसलेले. म्हनलं, आप्पा, तुमी तर गेलाव म्हनं. तर म्हनले, कोन म्हनतंय? म्हनलं, हरिओमभाऊ."

हरिओमनं सत्यभामेकडं पाहिलं. तिनं पुन्हा पदर तोंडावर दाबला होता, पण आता हसू पदरात मावत नव्हतं.

"आप्पा, म्हंजी तुमीच..."

"मी एक शब्द खोटा बोललो न्हाई," आप्पा गळ्यातले हार नीट करत म्हणाले. "सूनबाईला म्हनलं, हरिओम जे सांगतोय तेवढंच पाव्हण्यांना फोनवर सांग, आन् दार लावून घे. गीताबाईला म्हनलं, तू बी तेवढंच सांग गावात. कॉलेजात नोकरीला असल्याला पोरगा माझा. त्यानं सांगितलं बाप गेला, तर मी कसं म्हनावं न्हाई गेला म्हनून?"