सासूबाई ब्रेकवर

सासूबाईंना चारच्या बसला पोचवायचं होतं आणि नेमकी आजच गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून घरघर सुरू झाली. मेकॅनिक फोनवर म्हणाला, "हबचं बेअरिंग गेलंय. चालवू नका, उद्या बघू." उद्या? मुक्कामाला महिना झाला होता. (बाई प्रेमळ आहेत. माझ्या प्रत्येक कामात मदत करतात, हीच तक्रार आहे.) मी चाक ज्यावर बसतं तो हब नवा विकत आणला. व्हिडिओतल्या माणसाने जुना वीस मिनिटांत काढला होता.

"आई टॅक्सीने जाईल की," बायको म्हणाली.

"घरची गाडी असताना?" मी बाह्या सरसावल्या.

मधला मोठा नट सोडताना चाक फिरू नये म्हणून कुणीतरी ब्रेक दाबून धरावा लागतो. सासूबाई आपणहून आत जाऊन बसल्या. नट सुटला. मग मी जॅक लावला, चाक काढलं, डिस्कला आवळून धरणारा ब्रेकचा कॅलिपर सोडून तारेने टांगला, डिस्क उतरवली, मागचे बोल्टही काढले. हब मात्र गंजून ठाण मांडून बसला होता. मी हातोडा घेतला आणि महिन्याभराचा राग त्याच्यावर काढला.

तेवढ्यात फस्सकन आवाज झाला. कॅलिपरमधला पिस्टन निसटून फाटकापर्यंत गडगडत गेला आणि ब्रेक ऑइल माझ्या शर्टावर उडालं.

"आई, ब्रेक कशाला दाबलात?"

"गाडी हलत होती, जावईबापू. हलली की ब्रेकच दाबतात ना?"

"किती वेळा दाबलात?"

"तुम्ही घाव घालाल तितक्या वेळा. एकही चुकवला नाही."

साडेतीन वाजले होते. हब जागेवर होता, ब्रेक तेवढे गेले होते. मी हात टेकले. "टॅक्सी बोलव," मी बायकोला म्हणालो. "आई, निघा तुम्ही. बस चुकेल."

सासूबाई खाली उतरल्या. त्यांनी आधी हबकडे, मग माझ्या शर्टाकडे पाहिलं आणि त्यांना भरून आलं.

"तुम्हाला असं सोडून कशी जाऊ? बस काय, रोजच असते."

त्यांनी माझ्या हातातून हातोडा घेतला, हबच्या कडेला बेताचे दोन ठोके दिले. हब खळ्‌कन खाली पडला.

"उजवंही उद्या बघून टाकू," त्या म्हणाल्या. "ठोकायचं मी बघते, ब्रेकवर तुम्ही बसा. आणि मी सांगेपर्यंत कशाला हात लावू नका."