लिंबायतचं आरमार

आमचे शेजारी दिलीप बागुल अंतराळयानं बनवतात. बोटभर लांबीची. आणि त्यांच्या प्रत्येक यानाच्या टपावर पाण्याची टाकी असते.

"टाकी नसेल तर सर, आतल्या माणसांनी पाणी काय चंद्रावरून आणायचं?" असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं. मी म्हणालो, यान एवढंसं आहे, आत माणूस कुठला. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा कीवेनं पाहिलं, की महानगरपालिकेच्या मराठी शाळेत वीस वर्षं इंग्रजी शिकवून आपण काय मिळवलं, हा प्रश्न मलाच पडला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. परदेशात चांगली लग्न झालेली, नोकरीधंद्याची माणसं टेबलावर अशी यानं मांडून लढाया खेळतात. फूटपट्टीनं अंतर मोजायचं, फासा टाकायचा आणि समोरच्याचं यान उडवायचं. या लोकांना लागणारं आरमार सुरतेच्या लिंबायत भागात, आमच्या गल्लीतल्या एका पत्र्याच्या खोलीतून जातं. बागुल आधी साड्यांच्या एम्ब्रॉयडरीची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढायचे. बुट्टे, वेली, मोर. मोरांचा कंटाळा आला म्हणून यानांकडे वळलो, असं ते सांगतात. मोरांनाही त्यांचा आला असणार. आता त्या खोलीत एक प्रिंटर आहे. तो रेझिनच्या रसातून थरावर थर चढवत यान वर काढतो. त्याचा वास असा, की बागुलांच्या सौभाग्यवती मंदावहिनींनी फोडणीत हिंग घालणं सोडून दिलं आहे. घातला काय, न घातला काय, कळत कुणालाच नाही.

यानांना नावं सुरत-भुसावळ लाइनवरच्या स्टेशनांची. लढाऊ यान 'नंदुरबार', त्याचं हाडवैरी 'दोंडाईचा', माल वाहणारं 'नवापूर'. कॅनडातल्या एका गृहस्थानं तक्रार केली, की माझं दोंडाईचा वाटेत मोडलं. बागुलांची इंग्रजी पत्रं वाचणं आणि लिहिणं हे माझं बिनपगारी खातं, म्हणून मी ती वाचून दाखवली. माणूस वरमेल की नाही? बागुल गहिवरले. "बघा सर, दोंडाईचाचं नाव कॅनडात निघालं." दुसऱ्या एकानं कौतुक केलं, की टपावरची ती अजस्र तोफ अप्रतिम आहे. त्यावर मात्र ते दोन दिवस नाराज होते. "तोफ? लिहा त्याला, पाचशे लिटर."

हे सगळं ते ज्या आवाजात बोलतात तो कागदावर उतरवता येत नाही. बागुलांनी तुमच्या कानात सांगितलेली गोष्ट तिसऱ्या गल्लीतल्या रिक्षावाल्याला आधी कळते. वर "शांती राखो, सर, शांती राखो" हे त्यांचं पालुपद. ते इतक्या जोरात, की दारातलं कुत्रं उठून निघून जातं.

तर अशा माणसानं आपल्या खेळाचं नियमांचं पुस्तक लिहिलं, आणि त्यातला पहिला नियम काय? खेळताना बोलायचं नाही. जे सांगायचं ते हातानं. त्यासाठी आठ खुणा, त्यांची चित्रं स्वतः काढलेली. यान फुटलं, दारूगोळा संपला, धोका आहे, थांब, अशा. बोलेल त्याचा डाव गेला. इंग्रजी तर्जुमा मीच केला. हे काय खूळ म्हणून विचारलं, तर "शांती राखो, लिहा" एवढंच उत्तर मिळालं.

गिऱ्हाइकं यानं घ्यायची आणि तो नियम सोडून द्यायची. सगळं सुरळीत चाललं होतं. मग जर्मनीतल्या एका दुकानदाराचं पत्र आलं. त्याला अख्खं आरमार हवं होतं. सुंदर खोक्यात, पुस्तकासकट, आणि खोक्यावर ठळक छापणार होता: दिलीप बागुल, सुरत. बागुलांनी हे साऱ्या गल्लीला सांगितलं. म्हणजे घरात बसून नेहमीसारखे बोलले. पण पत्राच्या शेवटी एक अट होती. पहिला नियम काढून टाका. लोक चार गप्पा मारायला खेळतात, मुकेपणी कोण बसणार?

"नाही म्हणून लिहा," बागुल म्हणाले.

"अहो, खोक्यावर नाव येतंय तुमचं."

"नही सर. नियम ऱ्हाईल."

असा माणूस हातचं घालवणार हे उघड होतं. तेव्हा त्यांच्या 'नाही'चं मी इंग्रजीत 'आम्ही विचार करत आहोत' असं केलं. शिक्षकाला एवढी सुधारणा करण्याचा अधिकार असतो. जर्मन थांबला, पण दर आठवड्याला आठवण करू लागला.

या घरात आणखी एक माणूस आहे, बागुलांचे वडील, आप्पा. चाळीस वर्षं त्यांनी पॉवरलूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात काढली आणि कान तिथेच ठेवून आले. कानाचं मशीन आणलं, ते कपाटात पडून आहे. खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायचं, एवढाच त्यांचा दिनक्रम. मंदावहिनी म्हणतात, "आप्पा दोनदा तोंड उघडतात, सकाळच्या जेवणाला आणि संध्याकाळच्या." त्यांच्याशी ओरडून ओरडून बागुलांचा घसा तयार झाला. आप्पांपर्यंत मात्र त्यातलं काही गेलं नाही.

जर्मनाचं शेवटचं पत्र आलं तो शनिवार होता. या आठवड्यात कळवा, नाहीतर राहू द्या. सकाळची शाळा सुटल्यावर मी तडक बागुलांकडे गेलो. आज माणसाला शहाणं करूनच परतायचं, असा निश्चय होता. दार उघडं होतं. मंदावहिनी जेवणाची ताटं उचलत होत्या. खाटेवर साडीच्या खोक्याचा काळा रंगवलेला पुठ्ठा, त्यावर नंदुरबार आणि दोंडाईचा समोरासमोर. एका बाजूला बागुल, दुसऱ्या बाजूला आप्पा. आणि बागुलांच्या तोंडून शब्द नाही. पलीकडच्या खात्यातली खटखट तेवढी ऐकू येत होती.

आप्पांनी फासा टाकला, पट्टीनं मोजलं आणि दोन बोटं जुळवून झटक्यात वेगळी केली. ही खूण मला पाठ होती. यान फुटलं.

"ती मागावर ताण्याचा धागा तुटल्याची खूण आहे," वहिनी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या. "खात्यात काय ऐकू येतं, सर? सगळे कारागीर हातानंच बोलतात. हे सोळाव्या वर्षी आप्पांच्या बाजूच्या मागांवर लागले. तीन वर्षं होते."

दारूगोळा संपला म्हणजे कांडीवरचं सूत संपलं. धोका आहे म्हणजे शेठ आला. मागावरची बोली मी परदेशी लोकांसाठी इंग्रजीत उतरवली होती आणि मला पत्ता नव्हता. इतक्या वर्षांच्या शेजाराची मला लाज वाटली.

"आठ महिने झाले, रोज दुपारी खेळतात," वहिनी म्हणाल्या. "पण खेळापुरतंच. दुसरं काही बोलत नाहीत आप्पा."

पुढच्या डावाला आप्पांनी पडलेला फासा अंगठ्यानं हळूच उलटवला. बागुलांनी ते पाहिलं आणि छताकडे बघितलं. मीही गप्प बसलो, जे मला सहसा जमत नाही. बागुलांचं दोंडाईचा हरलं.

बागुल पुठ्ठा आवरायला लागले तेव्हा आप्पांनी त्यांचा हात धरला. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मुलाच्या बाजूला दाखवलं, आणि पाची बोटं जुळवून त्याच्या तोंडाकडे नेली. ही खूण आठात नव्हती. बागुलांनी हातातलं यान परत पुठ्ठ्यावर ठेवलं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

बागुल इतक्या हळू बोलले, की मला वाकावं लागलं. "तुना माग मी देखस. तू जेवन करी ये." मग म्हणाले, "चालू माग सोडून जाता येत नाही ना, सर. ते माग बाजूच्यानं बघायला लागतात. मी पोरगा होतो, तर रोज मला आधी पाठवायचे. स्वतःचं मग केव्हातरी."

माझे डोळे भरून आले. ते मंदावहिनींनी पाहिलं, त्याला इलाज नव्हता. खिशातल्या पत्राला काय उत्तर जायचं ते मला कळलं. या वेळी ते जसंच्या तसं उतरवायचं मी ठरवलं.

बागुल मघाशीच पोटभर जेवले होते. तरी उठले, चुलीपाशी गेले, स्वतःच्या हातानं ताट वाढून घेतलं आणि आप्पांना दिसेल असे बसून सावकाश भाकरी खाऊ लागले. आप्पा खाटेवर ताठ बसून दोन्ही यानांवर लक्ष ठेवून होते.