आरामखुर्ची तंजावरला निघते

चेन्नई ते तंजावर तीनशे चाळीस किलोमीटर. बस आहे, रेल्वे आहे. मी आरामखुर्चीवर जाणार होते! हसू नका. खुर्चीला चाकं होती, मोटर होती, बॅटरी होती आणि मला जिद्द होती. यातली एक गोष्ट वाटेत संपली, ते पुढं येईलच.

खुर्ची माझ्या सासऱ्यांची. सागवानी, वेताची, लांब हातांची. आमचे हे ओरगडमच्या मोटार कारखान्यात तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या जोडत होते. दर बुधवारी तिथून येताना वेलदोडा चघळत यायचे, एवढी एकच चैन. रिटायर झाल्यावर म्हणाले, "आता एक गाडी माझी." आणि अड्यारच्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बापाच्या खुर्चीखाली त्यांनी तीन चाकं बसवली. हँडल जुन्या सायकलचं, वेग ताशी बावीस. "विमानात तरी असे पाय पसरता येतात का?" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे.

हा सगळा खटाटोप वन्संसाठी. सईबाई, ह्यांची थोरली बहीण, तंजावरला असतात. वय चौऱ्याऐंशी. गुडघे गेलेले, डोळे गेल्यात जमा, जीभ शाबूत. एकदा फोनवर म्हणाल्या, "अप्पांच्या खुर्चीत एकदा बसायचं होतं रे." हे म्हणाले, "घेऊन येतो, अक्का. तिच्यावर बसूनच येतो!"

ह्यांनी वहीत नकाशा काढला. आम्हा तंजावरी मराठी लोकांच्या नकाशात रस्ते कमी आणि नातेवाईक जास्त असतात. जिथं नातेवाईक तिथं जेवण, आणि जिथं जेवण तिथं प्लग! सहा मुक्काम, सहा घरं. पहिला महाबलीपुरमला राघोत्तममामांकडे, पन्नास किलोमीटर. एका चार्जात खुर्ची साठ जायची.

निघायला नऊ दिवस उरले होते. "कापी गार होतेय," म्हणून (कॉफीला आम्ही कापीच म्हणतो) मी खाली हाक मारायला गेले, तर हे खुर्चीत पाय पसरून बसलेले. हातात पाना. कापी गारच राहिली.

मी रडले नाही. वेळ कुठं होता? भेटायला माणसं येतात, माणसांना कापी लागते. तेरा दिवस मी कापी केली. इस्त्रीचे कपडे द्यायचे राहतात ना, तसं रडायचं राहून गेलं ते गेलंच.

आठ महिन्यांनी सोसायटीचे सेक्रेटरी विजयेंद्र दारात आले. "आंटी, ते खाली ठेवलंय ते रविवारपर्यंत हलवा. नाहीतर भंगारात जाईल."

मी वन्संना फोन लावला.

"खुर्ची येतेय का ग, कनका? तिच्यासाठी मी मरायची थांबलेय."

"मी घेऊन येते."

"तू? तुला सायकल तरी येते?"

"तीन चाकं आहेत, वन्सं. पडायला जागाच नाही!"

माझी लेक नंदिता म्हणाली, "अम्मा, टेंपोत टाक ना सरळ!"

"बाबांनी बसून येतो म्हटलं होतं. त्यांचा शब्द आहे."

आता तयारी. रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जायचं नाही, हे मला माझ्या आईनं शिकवलंय. घरं सहा. म्हणून लिंबाच्या लोणच्याच्या सहा बरण्या, पापडांचे सहा डबे, आणि राघोत्तममामांच्या सुनेनं मागितलेला पाटा-वरवंटा. ह्यांच्या वहीत ओझ्याचा रकाना होता. त्यात लिहिलं होतं: मी, एक पंचा, एक तांब्या. मी तो वाचला आणि पुरुषांना काय कळतंय म्हणून पान उलटलं.

शनिवारी सकाळी सहाला पूजा. गुरुजींनी खुर्चीला हार घातला. तो एवढा मोठा, की मी बसल्यावर माझ्याही गळ्यात आला. चाकांखाली चिरडायला लिंबं चार आणली होती, चाकं निघाली तीन. उरलेलं लिंबू माझ्या हातात. कपाळावर रुपयाएवढं चंदन. मला वारं सोसत नाही, म्हणून कानांत कापूस. डोक्यावरचा पदर उडू नये म्हणून ह्यांचा पांढरा पंचा डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गच्च बांधला. नंदिता माझ्याकडे बघतच राहिली. काहीतरी बोलणार होती, गिळलंन.

ईस्ट कोस्ट रोडला लागले आणि थक्क झाले. चेन्नईची माणसं एवढी सभ्य कधी झाली? मोटरसायकलवाले मागून यायचे, वेग कमी करायचे, हेल्मेट काढायचे! टपरीवर चहा पिणारे उठून उभे राहिले. ट्रॅफिक पोलिसानं दोन्हीकडची वाहनं अडवून मला वाट दिली, वर छातीला हात लावला. माझ्या मागं गाड्यांची ही लांब रांग, पण एकाचाही हॉर्न नाही! मला वाटलं, बाईच्या धाडसाची कदर आहे हो लोकांना. हाराची फुलं वाऱ्यानं सुटून मागं रस्ताभर पडत होती.

कोवलम आलं, आणि खुर्ची थांबली. तीस किलोमीटरही नाही! बॅटरीचा काटा शून्यावर, पायाशी पाटा-वरवंटा. ढकलत कडेच्या झाडाखाली नेली. आदल्या रात्री झोप नव्हती. म्हटलं, पाच मिनिटं टेकावं.

जाग आली ती रडण्यानं. कुणीतरी बाई छाती पिटत, सुरात, मोठमोठ्यानं रडत होती. डोळे किलकिले केले. समोर मासळीची टोपली, टोपलीपाशी एक म्हातारी, भोवती चपला काढून उभे असलेले पंधरा-वीस लोक.

तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. इकडं पुष्कळदा मेलेल्या माणसाला खुर्चीत बसवून नेतात. गळ्यात हार, कपाळावर चंदन, कानानाकांत कापूस, हनुवटी बांधलेली, रस्ताभर फुलं. छप्पन्न वर्षं मी हे बघतेय. फक्त त्या दिवशी आरशात बघितलं नव्हतं!

झटकन डोळे मिटले. आता उठावं कसं? वीसजणांतला एखादा जागीच खलास झाला असता!

म्हातारी तमिळमध्ये गात होती, मी मराठीत सांगते. "कुणाची ग लेक तू, माझे आई? कुणाची बायको? एवढ्या लांबच्या वाटेला एकटीच निघालीस? सोडायला वेशीपर्यंतसुद्धा कुणी आलं नाही? वाटेतच ठेवून निघून गेला ग तुझा माणूस?"

मी मेलेल्यासारखी पडून होते, शप्पथ. पण डोळ्यांतलं पाणी काही माझं ऐकेना.

"अय्यो! प्रेत रडतंय!"

पळापळ झाली. चपला तिथंच राहिल्या. म्हातारी तेवढी जागची हलली नाही. वाकून माझ्या नाकाशी बोट धरलं.

"जिवंत आहेस होय! मग मी घसा कशाला फोडला?"

"चुकलं, अम्मा," मी पंचा सोडत म्हटलं.

"मेलंय कोण मग? पंचा पुरुषाचा आहे."

"माझे... हे."

"कधी?"

"आठ महिने झाले."

"रडलीस?"

"कापी करायची होती."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. खुर्चीच्या हातावर टेकली, पदर खोचला. "सरक. अर्धं गाणं राहिलंय, वाया कशाला घालवायचं? नाव सांग त्याचं."

नवऱ्याचं नाव! तीस वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं. बँकेतसुद्धा लिहून द्यायची.

"गिरीधर," मी म्हटलं.

मग तिनं ते नाव गाण्यात घातलं आणि आम्ही दोघी कोवलमच्या नाक्यावर, भर दिवसा, लोणच्याच्या सहा बरण्यांच्या साक्षीनं मनसोक्त रडलो. चपला न्यायला परतलेले लोक लांबूनच बघत होते.

तिचं नाव त्रिपुरसुंदरी. तिच्या जावयाची मासळीची गाडी तंजावरला जायची. बर्फाच्या पेट्यांवर खुर्ची चढली. मी मात्र बसनं गेले. पाटा-वरवंटा त्रिपुरसुंदरीला दिला, पहिला मुक्काम तिथंच झाला होता ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संना धरून खुर्चीत बसवलं. लांब हातांवरून त्यांनी हळूहळू बोटं फिरवली. पुढं वाकून सायकलचं हँडल चाचपलं, ते सोडेनात.

"आला म्हणायचा शब्दाला," एवढंच बोलल्या.

मग वन्संनी नाक वर केलं. एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं.

"कनका! खुर्चीला मासळीचा वास येतोय! आपल्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी शिवलं नाही ग! काय खात होता तिकडं हा?"

मी गाडीचं, बर्फाचं, त्रिपुरसुंदरीचं सगळं सांगितलं. त्यांना काही ते पटलं नाही.

आणि आता तुमच्यापाशी कबूल करायला काय हरकत आहे? ओरगडमच्या कँटीनमध्ये दर बुधवारी तळलेली मासळी असायची. वेलदोड्यानं तो वास जात नाही. तीस वर्षं ह्यांना वाटत राहिलं की मला कळत नाही, आणि मी कळू दिलं नाही. एखाद्या बुधवारी नुसतं विचारायला हवं होतं, कशी लागते हो?