कोरीटचा ठसका

सुगंधाबाईंच्या सुनेची एम.एस्सी.ची शेवटची परीक्षा घरातच होती, आणि कोरीट गावात कोणाला हे ठाऊक नसेल तर तो दोष सुगंधाबाईंचा नव्हता. विषयाचं नाव मल्टिमीडिया सिस्टिम. सीमाने अशी यंत्रणा बनवली होती, की इंटरनेटची लाइन कितीही रडतखडत चालो, माणसाचं तोंड आणि त्याचा आवाज पलीकडे सोबतच पोचावेत. लॅपटॉपवर परीक्षक सर येणार, यंत्रणा चालते का बघणार, आणि पास-नापास ठरवणार. नापास झाली तर सुनेचं वर्ष जाणार आणि सासूचं नाक.

सर यायला पाच मिनिटं असताना सुगंधाबाई मीठ, मोहरी आणि सात सुक्या मिरच्या घेऊन हजर.

"आई, आत्ते नको ना!"

"चूप बठ. गावभर सांगेल शे मी. नजर लागनारच."

त्यांनी सुनेवरून ओवाळलं, लॅपटॉपवरूनही ओवाळलं, आणि मूठ पेटत्या शेगडीत टाकली. नजर लागलेली असेल तर मिरच्यांचा ठसका लागत नाही. इथे घर असं कोंदलं, की त्यांचा मुलगा, म्हणजे सीमाचा नवरा दगा, खोकत अंगणात पळाला.

सुगंधाबाईंना आनंद व्हायच्या ऐवजी रागच आला. "इतली शिकेल सून, आन् गावमा एकबी नजर लागनी नही? कोणले कदरच नही मेलास्ले!"

तेवढ्यात पडद्यावर सर उगवले. सीमाने नमस्कारासाठी तोंड उघडलं आणि शिंकली.

"तुम्ही शिंकलात, पण आवाज आला नाही," सर म्हणाले. ती गप्प बसल्यावर त्यांना आवाज पोचला. दुसऱ्या शिंकेचा आवाज जरा लवकर गेला, तिसरीचा आणखी लवकर. पाचवी तर तोंडातून निघाली ती थेट सरांच्या कानात.

"वा वा! यंत्रणेनं स्वतःच सावरलं की! बाकीचे आवाज जुळतो हे नुसत्या टाळ्या वाजवून दाखवतात." सर खुर्चीत पुढे सरकले. "पण एकदा झालं म्हणून मी मानणार नाही. पुन्हा तशाच शिंकेवर दाखवा, नाहीतर नापास."

आता शिंक कुठून आणायची? सीमाने नाक चोळलं, दिव्याकडे टक लावून पाहिलं. काही नाही. सुगंधाबाईंनी शेगडीत आणखी सात मिरच्या टाकल्या. पण दगा शहाणा! त्याने दारं-खिडक्या सताड उघडून ठेवल्या होत्या. धूर सरळ गल्लीत. कोणी साधं खाकरलंही नाही.

"लागनी!" सुगंधाबाई हरखून ओरडल्या. "नजर लागनी! आत्तेच मास्तर वा वा बोलनात!"

"आई, सर ऐकी ऱ्हायनात!"

"ऐकू दे. मास्तर, हालू नका. तुमनावरथीन उतारस."

पडद्यावरल्या सरांच्या डोक्याभोवती तीनदा मूठ फिरली आणि शेगडीत गेली. सर हसायला लागले. मग हसता हसता थांबले. नाक आकसलं, डोळे मिटले आणि सर शिंकले. एकदा, दोनदा, तीनदा. कोरीटच्या पडद्यावर दर वेळी तोंड आणि आवाज एकदम.

"इथे... कोणीतरी झाडतंय वाटतं," सर रुमाल शोधत म्हणाले. "आवाज बरोबर आला माझा?"

"तोंडासोबतच आला, सर."

"मग पुरे. पास!"

संध्याकाळी शेजारच्या रुखमाबाईने दारातूनच विचारलं, "काय धाडं व तुन्ही सूननी त्या कम्प्युटरमाईन?"

"चित्र तिनी धाडं, आवाज तिनी धाडा," सुगंधाबाईंनी पदर सावरला. "ठसका मी धाडा."