सातव्या पायरीची दुरुस्ती

कर्रर्र... कुंई.

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा बावीस वर्षांचा होतो. खांद्यावर हत्यारांची पिशवी होती आणि मी एका मोठ्या दगडी घराच्या दारातून बाहेर पडत होतो. मागे कुणीतरी जिना चढलं आणि मी नुकतीच बसवलेली सातवी पायरी ओरडली. शहाणा सुतार मागे फिरला असता. मी पावलांचा वेग वाढवला. (तेव्हा अंगात वेग होता.)

त्यानंतर चव्वेचाळीस वर्षं मी त्या रस्त्याला फिरकलो नाही.

या वर्षी लेकीने आणि जावयाने आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला एक जाड लिफाफा दिला. आत एका घराचा फोटो.

"बाबा, एकशेसाठ वर्षांचं घर आहे. आता तिथे पाहुणे ठेवतात. दोन दिवस मुक्काम आणि सकाळची न्याहारी. तुम्ही दोघं कधी कुठे जाता तरी का?"

फोटो पाहिला आणि माझा चहा बशीत सांडला.

"आनंद झालाय त्यांना," आमची ही म्हणाली.

मी सावकाश बोलणारा माणूस. नाही म्हणायला नीट शब्द सापडेपर्यंत आमचं जायचं ठरून गेलं होतं. तेव्हा मी एक छोटासा निर्णय घेतला. कपड्यांच्या पिशवीत, हिच्या शालीच्या घडीत, एक हातोडी, एक पटाशी, मेणाचा तुकडा, गोंदाची बाटली आणि चार पाचरी ठेवल्या.

"पिशवी एवढी जड कशी झाली हो?"

"शाल लोकरीची आहे," मी म्हणालो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हिला पहिल्यांदा भेटलो तेव्हा घाबरून मी एकच वाक्य बोललो होतो: "माझ्या हातचं काम कधी आवाज करत नाही." माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, रूप बेताचं. हिने होकार दिला तो त्या एका वाक्यावर. आणि खरं सांगतो, आमच्या घरातलं एक दार, एक खुर्ची, एक फडताळ आजवर कुरकुरलेलं नाही. शेजारणींना ही मोठ्या अभिमानाने सांगते, "यांचं काम बोलत नाही." (आणि हळूच पुढे जोडते, "आणि हेही.")

ते वाक्य खोटं ठरवणारी जगात एकच जागा होती, आणि लेकीने आम्हाला नेमकं तिथलं आरक्षण करून दिलं होतं.

घराच्या मालकीणबाई पन्नाशीच्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी आम्हाला आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या एका साहेबांना घर दाखवलं. उंच खिडक्या, माणसापेक्षा उंच घड्याळ, भिंतीवर मिशीवाल्या पूर्वजांची रांग. सगळे माझ्याकडेच पाहत होते. मग आम्ही जिना चढू लागलो. मी पायऱ्या मोजत होतो. सातवीवर लांब पाय टाकून ती ओलांडावी असा माझा बेत होता, पण मागून ही म्हणाली, "अहो, नीट चढा, वय काय आपलं!" आणि मी दचकून पाय नेमका तिथेच ठेवला.

कर्रर्र... कुंई.

मला घाम फुटला.

"घाबरू नका काका," मालकीणबाई हसल्या. "ही आमची बोलकी पायरी. घराएवढीच जुनी. चोर आला तर कळावं म्हणून त्या काळच्या कारागिरांनी मुद्दाम अशी केली."

"वा! काय डोकं!" कॅमेरेवाले साहेब पायरीपुढे गुडघ्यावर बसले. "आता असे कारागीर राहिले नाहीत हो!"

"ऐकलंत?" ही मला म्हणाली. "शिका काहीतरी."

 एक सांगतो, माणसाला अभिमान आणि लाज एकाच वेळी वाटू शकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही आंघोळीला गेली आणि मी शालीतून हत्यारं काढली. जिन्याखाली एक कपाट होतं. त्यात शिरून मी बॅटरी वर धरली. सातव्या पायरीच्या पोटाला, फिकट पण स्पष्ट, पेन्सिलीने काढलेला एक मासा होता. आमच्या उस्तादांची तशी शिस्तच होती: प्रत्येकाने आपल्या कामाच्या पोटाला आपली खूण करायची, म्हणजे चूक कुणाची ते शोधत बसावं लागत नाही. माझी खूण मासा.

खिळे दोन्ही तिरके होते आणि फळी एका कोपऱ्यात ढिली. चव्वेचाळीस वर्षं मान खाली घालायला लावणारं काम वीस मिनिटांत संपलं. तिरके खिळे काढले; मग गोंद, पाचरी, कडेला मेण. मग मी पायरीवर बारा वेळा चढलो, बारा वेळा उतरलो. चिडीचूप! मनात म्हटलं, उस्ताद, या आता बघायला.

न्याहारीला मी दोन अंडी जास्त खाल्ली. पाव, लोणी, मुरंबा, सगळं गोड लागत होतं. कुणीतरी जिन्याबद्दल बोलावं म्हणून मी वाट पाहत होतो. आणि मालकीणबाई बोलल्या.

"मी लहान असताना आई गेली," त्या कॅमेरेवाल्या साहेबांना चहा ओतत म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या घरात मला फार भीती वाटायची. बाबा म्हणायचे, पायरी बोलली की समज मी आलो. मग मी इथे याच टेबलाशी अभ्यास घेऊन बसायची आणि कान तिकडे. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. पण रोज सकाळी वरच्या घड्याळाला किल्ली द्यायला जाते, पायरी बोलते, आणि वाटतं, आहेत घरात."

मी हातातला पाव बशीत ठेवला.

"आलेच हं," म्हणून त्या जिन्याकडे गेल्या. आम्हाला पावलं ऐकू आली. चढली. थांबली. उतरली. पुन्हा चढली. मग बराच वेळ काहीच नाही.

त्या परत आल्या तेव्हा हातातली किल्ली तशीच होती. "बोलली नाही," त्या म्हणाल्या. एवढंच. आणि खुर्चीचा आधार घेऊन उभ्या राहिल्या.

हिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या बाहीकडे.

"अहो, हा भुसा कसला?"

"पावाचा असेल."

"पावाला गोंद कधीपासून लावतात?"

मी उभा राहिलो. आयुष्यात इतकं बोलायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. "ताई, ती मी दुरुस्त केली. माफ करा. तुमच्या घराचं भलं करावं म्हणून केली. आणि... चव्वेचाळीस वर्षांपूर्वी ती बिघडवलीही मीच."

"अहो, पायरी एकशेसाठ वर्षांची आहे!" साहेब ओरडले. "मी वहीत लिहिलंय!"

मी सगळ्यांना कपाटापाशी नेलं आणि मासा दाखवला. ही वाकून बघत राहिली. तो मासा आमच्या घरातल्या प्रत्येक खुर्चीच्या पोटाला आहे.

मालकीणबाई जमिनीवरच बसल्या. "म्हणजे ते तुम्ही! चोराची गोष्ट आपली पाहुण्यांना सांगायची हो. पायरी बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी एक म्हातारे मिस्त्री आले होते, मला आठवतंय. पायरी बदलून देतो, पोराने वाईट काम केलंय, म्हणत होते. बाबांनी त्यांना परत पाठवलं. म्हणाले, या घरात आता कुणीतरी बोलतंय, बोलू दे." त्यांनी डोळे पुसले. "काका, होती तशी करून द्याल?"

"आत्ता करतो," मी म्हणालो. बिघडवणं ते काय अवघड!

पाचरी काढल्या. पायरी गप्प. गोंद खरवडला. गप्प. मेण पुसलं, फळी सैल केली, साहेबांनी कॅमेरा बाजूला ठेवून तिच्यावर उड्या मारल्या. गप्प. (काम इतकं पक्कं झालं होतं की करणाऱ्यालाच ते बिघडवता येत नव्हतं. तशा अवस्थेतही मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?) दहा वाजले, अकरा वाजले. ही खुर्ची टाकून समोर बसली होती, हातात चहाचा कप.

"जन्मभर ऐकतेय, काम बोलत नाही, काम बोलत नाही. बोलवा आता."

"जमत नाहीये गं. हात वाईट काम करायला तयार होत नाही."

"मग त्या दिवशी कसा झाला?"

"घाई होती."

"तुम्हाला? घाई?"

मी हातोडीकडे पाहत राहिलो. "चार वाजता तुला पहिल्यांदा भेटायला यायचं होतं. तीन इथेच वाजले. खिळे ठोकले आणि सुटलो."

 हिचा कप तोंडापाशी जाता जाता थांबला.

"म्हणजे इथून निघून सरळ आमच्याकडे आलात?"

"हो."

"हा आवाज ऐकून?"

"...हो."

"आणि मला म्हणालात..."

"हो."

हिने कप खाली ठेवला, भिंतीवरच्या पूर्वजांकडे एकदा पाहिलं आणि एकदम कडाडली, "अहो, चार वाजायला आले! आमचे दादा दारात उभे आहेत! उठा, आटपा!"

कसं ते मला कळलं नाही, पण बावीस वर्षांचा मुलगा आत कुठेतरी दचकला. मी सकाळी काढलेले दोन खिळे उचलले आणि न बघता धाड धाड ठोकले. दोन्ही तिरके.

मालकीणबाई उठल्या, कठडा धरून हळूहळू चढल्या. पाच. सहा. सात.

कर्रर्र... कुंई.

त्या तिथेच डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग ओठ हलले, शब्द ऐकू आला नाही. नंतर पटपट वर जाऊन त्यांनी घड्याळाला किल्ली दिली. साहेबांनी माझा फोटो काढला आणि वहीतलं एकशेसाठ खोडून चव्वेचाळीस केलं. मी ताठ उभा होतो. जगात किती सुतार असतील, ज्यांचं वाईट काम एका लहान मुलीला इतकी वर्षं सोबत करत राहिलं?

"बघितलंस?" मी हिला म्हणालो. "हात अजून गेलेला नाही माझा."

ही उठली. पदर सावरला. जिना चढत सातव्या पायरीवर आली, वळली, आणि माझ्या डोळ्यांत बघत तिने पायरीवर एकदा भार दिला. कर्रर्र. परत एकदा. कुंई. मग तिसऱ्यांदा, अगदी सावकाश, शेवटपर्यंत.

आणि वर निघून गेली.