दोन मुलखांच्या गौरींची हकीकत

श्रीगौरीस नमन करून, जे घडले ते तैसेच लिहितो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, भाद्रपद मास. एका राज्याचे धनी थोरले नरहरपंत, राज्य म्हणजे तीन खोल्या आणि अंगण, आणि धाकटे बंधू श्रीरंगपंत बायकोसह समुद्रापलीकडील थंड मुलखी नांदत होते. मागील मार्गशीर्षी थोरल्यांच्या राणीसाहेब वत्सलाबाई कैलासवासी जाहल्या. राज्य सुने पडले. मग धाकट्यांनी मोबाईल म्हणोन जो आरसा असतो त्यातून दर्शन दिले आणि बोलिले, "दादा, इथं गौरीला दोनशे माणूस जमतं, गोऱ्या बायका नऊवारी नेसून फुगडी घालतात. तुमच्याकडे आता गौर आणायला बाईमाणूस नाही. पितळी मुखवटे आम्हांला पाठवा." हे ऐकून थोरल्यांनी मनी म्हटले, याची बायको जिवंत, याचे घर भरले, आणि आता गौरही यालाच. परंतु वरकरणी शहाणपण धरिले आणि बोलिले, "टपालाच्या खर्चात तिकडे चार नवे जोड येतील. शिकलेला माणूस तू, हिशेब बघ." धाकटे म्हणाले, "हिशेब मलाही येतो, दादा. खर्च मी देतो." मग थोरल्यांनी बाजारातून नवा जोड घेतला, पदरचे टपाल भरिले, जुने म्हणोन रवाना केले, आणि जुने फडताळात दडविले. ज्यास बाजारी मोल नाही त्यापायी दुप्पट खर्च केला. कारण जुन्यांचे कपाळी वत्सलाबाईंच्या बोटाचे कुंकू तैसेच होते.

आवाहनाचे दिवशी तिकडे सकाळ आणि इकडे दिवेलागण असता धाकट्यांच्या राणीसाहेब नलिनीबाई टपालाने आलेले मुखवटे हाती घेऊन आरशात आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, जाऊबाईंचं कुंकू कुठंय?" थोरले म्हणाले, "चिंचेनं घासले, गेले." "चिंचेनं कुंकू जातं. थोरल्या गौरीच्या नाकाचा पोचा कसा गेला? नवी नवरी असताना माझ्याच हातून पडली होती ती. जाऊबाईंनी आळ स्वतःवर घेऊन सासूबाईंना सांगितलं, मी पाडली म्हणून." थोरल्यांनी फडताळ उघडून जुने मुखवटे आरशास दाखविले. मग बोलिले, "तुम्हांकडे सगळे आहे, नलिनी. मजकडे तेवढे कुंकू आहे." बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मग ते तुमच्याकडेच राहू दे. पण फडताळात नको, भावजी. उंबऱ्यावर आणा. घरातली बाई म्हणून मी इथून विचारते." मग थोरल्यांनी आरसा देवघरापाशी टेकवून ठेविला, मुखवटे सुपात घेतले आणि उंबऱ्यावर उभे राहिले. बाईंनी रीतीप्रमाणे पुसले, "गौर कोणाच्या पावलांनी आली?" उत्तर सोन्याच्या पावलांनी ऐसे द्यावयाचे, लहान पोरासही ठाऊक. थोरले म्हणाले, "वत्सलेच्या पावलांनी." थोरले आत आले.

तात्पर्य, मत्सर समूळ गेला ऐसे लिहिणे खोटे होईल. दुसरे दिवशी तिकडील सोळा भाज्यांचे ताट दिसले तेव्हां थोरल्यांनी आरसा पालथा घातला. इकडे नैवेद्य पिठले-भाताचा, त्यात पिठल्यास मीठ अंमळ जास्त. गौरीने तोच घेतला.